वाट पाहणाऱ्यांच्या कवयित्री

बेळगावच्या इंदिरा संत असे आपल्याकडे आजही म्हटले जाते. त्यांना जाऊन पंचवीस वर्षे उलटली. त्यांची कविता मुंबई-पुण्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत जिथे जिथे मराठी घर आहे तिथे वाचली गेली, इंग्रजीतही गेली, तरी सीमाभागातला वाचक त्यांच्या नावाआधी गावाचे नाव लावतोच. हा हक्क नुसत्या रहिवासाचा आहे की वाचनाचाही आहे, हे भाषेच्या निमित्ताने एकदा पाहावे असे आम्हांस वाटले. मोठी माणसे गावाला लाभतात, त्यांचे फोटो वाचनालयात लागतात, पण त्यांचे लिहिणे गावाने किती वाचले हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

इंदिराबाईंचा जन्म ४ जानेवारी १९१४ रोजी विजापूर जिल्ह्यातील इंडी येथे झाला. माहेरचे आडनाव दीक्षित. मूळ गाव निपाणीजवळचे तवंदी. पुणे-बेंगळूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तवंदीचा घाट ठाऊक आहे, पण घाटावरच्या त्या खेड्याशी मराठीतल्या एका थोर कवयित्रीचे नाते आहे हे गाडीतल्या किती जणांना माहीत असते कोण जाणे. लहानपणीचे खेड्यातले घर, माती, माणसे यांच्या आठवणी त्यांनी पुढे ‘मृद्गंध’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. शिक्षण कोल्हापूरला आणि पुण्याला झाले. ज्या काळात मुलगी चार इयत्ता शिकली तरी पुष्कळ मानीत, त्या काळात त्या बी. ए. झाल्या, शिक्षकी पेशाच्या परीक्षाही दिल्या. ना. मा. संत यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेही कवी आणि लघुनिबंधकार होते. संसार बेळगावात थाटला. दोघांच्या कवितांचा मिळून ‘सहवास’ नावाचा संग्रह १९४० साली निघाला. नवरा-बायकोच्या कविता एकाच पुस्तकात हे तेव्हा नवलाचे होते, आजही फारसे आढळत नाही.

मग १९४६ साल उजाडले. बेळगावच्या इतिहासात हे वर्ष मोठे मानले जाते. त्या वर्षी मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. सीमाभागात आज ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांनी ते साल लहानपणापासून घरात ऐकलेले आहे. त्याच साली या गावात एका घरात ना. मा. संत वारले. इंदिराबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या, पदरी लहान मुले होती. गावाचे १९४६ आणि त्या घराचे १९४६ ही दोन निराळी वर्षे आहेत. पहिल्याची नोंद ठरावात आहे. दुसऱ्याची नोंद पुढची अनेक वर्षे कवितेत होत राहिली.

त्यांनी नोकरी केली, मुले वाढवली. शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयात शिकविले, तिथेच पुढे प्राचार्य झाल्या. आज सीमाभागात साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ वाचक अशा शिक्षकांच्या हाताखालून गेलेले आहेत, ज्यांनी इंदिराबाईंसमोर बसून शिकवावे कसे ते शिकून घेतले होते. पाच वर्षांनी, १९५१ साली, ‘शेला’ हा त्यांचा एकटीचा पहिला संग्रह आला. त्यानंतर १९५५ साली ‘मेंदी’ आणि १९५७ साली ‘मृगजळ’. ‘रंगबावरी’साठी १९६४ पर्यंत थांबावे लागले, ‘बाहुल्या’साठी १९७२ पर्यंत आणि ‘गर्भरेशीम’साठी १९८२ पर्यंत. बहुतेक कविता आटोपशीर, एका पानात मावणाऱ्या. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली येऊन मराठी कवितेत खळबळ उडालेली होती, नवकविता की जुनी कविता असे तट पडलेले होते. या कवितेने कोणत्याही तटावर चढून बसायचे टाळले आणि आपले अंगण सोडले नाही.

या कवितांविषयी एक समजूत रूढ झाली आहे. तरुण वयात पती गेले, त्या दुःखाची ही कविता, असे एका वाक्यात तिचे वर्णन होते. शाळेतही असेच शिकविले जाते. हे खोटे नाही. पण याने एक मोठे नुकसान झाले आहे असे आमचे मत आहे. कविता म्हणजे कवयित्रीची कहाणी असे एकदा ठरले, की वाचणारा बाहेर उभा राहून हळहळतो, बिचारी म्हणतो आणि पुस्तक मिटतो. इंदिराबाईंच्या कविता ज्यांनी खरोखर जवळ केल्या, वहीत उतरवून घेतल्या, कामे करताना ओठांवर खेळवल्या, त्यांनी असे वाचन केलेले नाही.

पावसाला उद्देशून लिहिलेली त्यांची एक कविता पुष्कळांना तोंडपाठ आहे. ती आम्ही येथे देत नाही, ज्यांना येते त्यांनी मनातल्या मनात म्हणावी. बोलणारी बाई गरिबाघरची आहे. छप्पर गळके, दारातल्या वेलीवर जीव, नेसूच्या कपड्यांची काळजी. अवेळी आलेल्या पावसाला ती दटावते, लटकी रागावते, विनवते. आणि हळूच खरी गोष्ट बाहेर येते, की घरचे माणूस वाटेवर आहे. त्याला सुखरूप घरी पोचते कर, मग हवा तेवढा गोंधळ घाल, मी तुला बोलणार नाही, उलट तुझी बडदास्तच ठेवीन, असा तिचा पावसाशी सौदा आहे.

खानापूर, जांबोटी, चंदगडकडच्या बायकांना हा पाऊस समजावून सांगावा लागत नाही. तिकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पण खरे नाते छपराचे नाही, वाटेवरच्या माणसाचे आहे. या भागातले घर म्हणजे कोणीतरी बाहेर असलेले घर. एका पिढीत कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते, आणि १९८२ च्या संपानंतर त्यांतले अनेक जसे गेले तसे परतले. मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावातच असल्याने फौजेत गेलेला मुलगा किंवा नवरा गावोगाव आहे. आता मुले पुण्याला, बेंगळूरला, गोव्याला असतात. रजा कधी मिळते, गाडी कुठे अडली, फोन का लागत नाही, हे प्रश्न घरात राहणाऱ्याचे आहेत.

आता पाहा. ज्या बाईने ही वाट पाहण्याची कविता लिहिली, तिचे स्वतःचे माणूस परत येणारे नव्हते. फौजीची बायको ती वाचते तेव्हा तिचे माणूस सुट्टीवर यायचे असते. कविता दोघींना पुरते, कारण वाटेवरचा तो नेमका कोण, येणार आहे की नाही, यांपैकी काहीच ती सांगत नाही. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. इंदिराबाईंनी आपल्या दुःखातली स्वतःची म्हणून जी ओळखपत्रे होती ती बाजूला काढून ठेवली. राहिले ते घर, अंगण, झाड, पाऊस, माती, संध्याकाळ आणि कोणीतरी नसणे. त्या रिकाम्या जागी ज्याने त्याने आपले माणूस बसवावे. आमच्या मते त्यांच्या कवितेची सारी ताकद या राखून ठेवण्यात आहे. दुःख भडक करून सांगणाऱ्या कविता त्या काळी थोड्या नव्हत्या. त्यांतून कवीचे दुःख कळते, पण आपले त्यात मावत नाही.

‘कुब्जा’ ही त्यांची दुसरी प्रसिद्ध कविता घ्या. कुब्जा ही पुराणातली कंसाची कुबडी दासी. कृष्णाला चंदनाची उटी देते आणि त्याच्या स्पर्शाने सरळ होते, एवढीच तिची कथा. कृष्णाच्या गोष्टीत नाव राधेचे, गौळणींचे, रुक्मिणीचे. इंदिराबाईंनी पहाट होण्याआधीची वेळ निवडली. राधा अजून झोपलेली, गोकुळ झोपलेले, आणि पावा वाजतो आहे. त्या वेळी यमुनेत उभी असलेली एकटी कुब्जा तो ऐकते आणि तो आपल्यासाठीच आहे असे तिला उमजते. एवढीच कविता. तिला मिळाले ते दिवसभरातले सगळ्यांच्या आधीचे एवढेसे, पण ते तिचे.

घरात, गावात, नात्यात जी राधा नाही, जिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, अशा प्रत्येक बाईला या कवितेत जागा आहे, आणि खरे सांगायचे तर पुरुषालाही आहे. चौघींतली सावळी बहीण, लग्न न झालेली आत्या, भावाच्या संसारात राबणारी विधवा आणि वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा, हे सगळे कुब्जाच आहेत. ही कविता पतिवियोगाची आहे काय? ज्याने लिहिणारीचे चरित्र आधी वाचले तो तसे म्हणेल. ज्याने कविता आधी वाचली त्याला आपली गोष्ट सापडेल. आमचा कौल दुसऱ्याकडे आहे.

हे कसब त्यांना कुठे सापडले याचे उत्तर बहुधा जात्यापाशी आहे. उतारवयात त्यांनी ‘मालनगाथा’ हा दोन भागांचा ग्रंथ केला. बायकांच्या ओव्यांचा हा संग्रह आणि त्यांच्या अर्थाचा उलगडा. ओवीतली मालन म्हणजे घरातली लाडकी बाई, लेक, सून, बायको, कोणीही. तिला स्वतःचे नाव नाही. ओवी रचणारीलाही नाव नाही. पहाटे दळायला बसलेली एक बाई भावाची वाट पाहते, माहेरच्या रस्त्याकडे डोळे लावते, लेकीच्या सासराला चार बोल सुनावते. ती ओवी शेजारणीने ऐकली, की तीच आपल्या जात्यावर म्हणते, फक्त भावाचे नाव बदलते. गाव बदलले तर नदीचे नाव बदलते. कृष्णेकाठची ओवी घटप्रभेकाठी आली की घटप्रभेची होते. ओवीला हे चालते, नव्हे, ओवी त्यासाठीच असते. ऐकणारी आणि रचणारी यांत तिथे भिंत नसते.

पुस्तकातली कविता अशी बदलता येत नाही. छापलेली ओळ छापलेलीच राहते. पण नावाची जागा रिकामी ठेवली तर वाचणारी ती मनातल्या मनात भरू शकते. शिकलेल्या, पदवीधर, प्राचार्य असलेल्या या बाईंनी हे निरक्षर बायांकडून उचलले असे आम्हांस वाटते. ‘शेला’ आला त्याच १९५१ साली खानदेशात बहिणाबाई चौधरी वारल्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. एक लिहिता-वाचता न येणारी, दुसरी शिक्षकांना शिकविणारी. दोघींच्या मागे जातेच आहे.

पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्या आणि ओव्यांचा आवाज बंद पडला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या भागात एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही ओव्या म्हणणाऱ्या आज्या होत्या. दळताना कोणत्या भाषेत दळायचे हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्या गेल्या तेव्हा किती गेले याचा हिशेब कोणी केलेला नाही. इंदिराबाईंनी निदान काही ओव्या वाचवून ठेवल्या.

आता भाषेच्या गोष्टीकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि विजापूर जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, चंदगड तेवढे मागे राहिले. इंदिराबाईंचे जन्मगाव आणि राहते गाव दोन्ही एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेली. त्या राहिल्या तिथेच. ‘मृगजळ’पासून ‘गर्भरेशीम’पर्यंतचे सारे लेखन त्यानंतरचे आहे. त्यांच्या कवितेत सीमाप्रश्न शोधू जाल तर फारसे हाती लागणार नाही, आणि याबद्दल कुरकुर करणारेही आपल्यात आहेत. आम्ही ती कुरकुर करीत नाही. कचेरीतला अर्ज, सातबारा, बसची पाटी दुसऱ्या भाषेत असलेल्या माणसाला आपली भाषा फक्त मोर्चात उरली असे वाटू लागते. ती रात्री निजताना, पाऊस लागल्यावर, आई आठवल्यावरही आपली आहे, हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते. हे काम घोषणेने होत नाही. इंदिराबाईंची भाषा पाहा, तिच्यात कोशातून उचललेला शब्द शोधावा लागेल. चूल, अंगण, पदर, माती, दिवेलागण अशा घरातल्या शब्दांवर त्यांनी मराठीतली अत्यंत नाजूक कविता उभी केली. आपल्या खेड्यातल्या बाईला ती वाचताना शब्दासाठी अडावे लागत नाही, अडते ते गळ्यात.

गंमत अशी, की बेळगावकडची बोली मराठी साहित्यात ठळकपणे आणली ती त्यांच्या चिरंजीवांनी. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ या पुस्तकांतला लंपन नावाचा मुलगा इकडचे कानडी वळणाचे मराठी बोलतो, आणि ते वाचताना या भागातल्या वाचकाला कोणी हाक मारल्यासारखे होते. लेकाने गाव बोलण्यातून दाखवले, आईने गाव झाकून ठेवले. दोघांतही आपण सापडतो, पण वेगळ्या दारांनी. प्रकाश संतही २००३ साली गेले.

मानसन्मान इंदिराबाईंना पुष्कळ मिळाले. ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९९५ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार मिळाला. वृंदा नाबर आणि निस्सीम इझिकेल यांनी त्यांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर १९७५ साली पुस्तकरूपाने आणले, म्हणजे ज्यांनी कधी शेणाने सारवलेले अंगण पाहिले नाही त्यांच्यापर्यंतही ती पोचली. एक मान मात्र हुकला. १९९२ साली कोल्हापूरला भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी त्या उभ्या होत्या आणि निवडणुकीत विनोदी लेखक रमेश मंत्री निवडून आले. ज्या कोल्हापुरात त्या शिकल्या तिथलेच हे संमेलन. तोपर्यंतच्या चौसष्ट संमेलनांत अध्यक्ष झालेल्या स्त्रिया दोनच, १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे आणि १९७५ साली कऱ्हाडला दुर्गा भागवत. त्या निकालाची चर्चा आजही होते. संमेलनाचे मतदार संस्थांकडून ठरत, वाचक त्या यादीत नसे. कविता वहीत उतरवून घेणाऱ्या बायकांना मत असते तर निकाल काय लागला असता, हे सांगायला ज्योतिषी नको.

शेवटच्या काळातली त्यांची कविता थोडी बदललेली आहे. एका माणसाच्या नसण्याभोवती फिरणारी नजर घरातल्या वस्तूंकडे, इतर बायकांकडे, वय होण्याकडे, येऊ घातलेल्या मरणाकडे वळते. ‘बाहुल्या’ आणि ‘गर्भरेशीम’ हे संग्रह त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. शाळेतल्या ‘गवतफुला’वर आणि रेडिओवरच्या दोन-तीन गाण्यांवर थांबलेल्या वाचकाने तिथपर्यंत जरूर जावे. तरुणपणी ‘मेंदी’ आवडलेल्या बाईला साठीनंतर ‘गर्भरेशीम’ अधिक जवळचे वाटले तर नवल नाही. कविता तीच असते, वाचणारीचे वय पुढे गेलेले असते आणि आधी ज्या ओळीवरून डोळे नुसते फिरले होते तिथे आता ती थबकते.

२००० साली बेळगावात पुन्हा साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष य. दि. फडके होते. गाव पुन्हा पताकांनी सजले. त्याच वर्षी १३ जुलै रोजी, ऐन पावसाळ्यात, इंदिराबाई गेल्या. वय शहाऐंशी होते. आपल्या गावच्या वाचनालयात त्यांचे संग्रह असतील तर ते मागून घ्यावेत. कपाटाला कुलूप असेल तर ग्रंथपालाकडे किल्ली मागावी.